हॅश एरर म्हणजे 'त्रुटी' नव्हे

प्रश्न असा आलाय की सी या प्रोग्रामिंग भाषेतल्या हॅश एररला (#error, म्हणजे कंपायलरला एरर द्यायला सांगणारी, कोडमध्येच लिहिलेली ओळ) मराठीत 'त्रुटी निर्देश' म्हणावं का, आणि तो लागला की कंपायलरने, म्हणजे कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामने, तिथेच थांबावं की पुढे जावं.

पहिले ती त्रुटी काढून टाका. जिकडे बघावं तिकडे एररला त्रुटी, हिंदीतून जसंच्या तसं उचललेलं. त्रुट् म्हणजे तुटणं, म्हणून त्रुटी म्हणजे उणीव. सेमीकोलन राहिला तर एकवेळ चालेल, पण भलत्याच टाइपचं व्हेरिएबल दिलं त्यात उणीव कसली? भले भले जाणकार 'त्रुटी शास्त्रीय वाटते' म्हणतात, अहो वाटते म्हणजे काय, अर्थ बघा ना!

एररचं मूळ लॅटिन 'एरारे', म्हणजे भटकणं. आणि आपण काय म्हणतो? वाट चुकली, नेम चुकला. जैन पंडित हेमचंद्राने बाराव्या शतकात प्राकृत व्याकरणात संस्कृत भ्रंश् धातूसाठी जे आदेश, म्हणजे त्याच्या जागी येणारे प्राकृत धातू, दिलेत त्यात 'चुक्क' आहे आणि त्याच सूत्रात 'भुल्ल' पण आहे, म्हणजे चूक आणि भूल दोघी एकाच सूत्रात, मूळ अर्थ ढळणं! लॅटिनवाले भटकले, आपण ढळलो, पोचलो एकाच जागी. इतका नेमका शब्द घरात असताना त्रुटी कशाला?

पण हॅश एररला मी चूकसुद्धा म्हणणार नाही. तिथे कंपायलरला काही सापडलेलं नसतं, लिहिणाऱ्यानेच आधी ठरवलेलं असतं की बाइटमध्ये ८ बिट नसतील तर इथून पुढे यायचं नाही. हा मज्जाव आहे. 'मज्जाव निर्देश' म्हणा.

आणि मज्जाव म्हटलं की दुसरं उत्तर आपोआप मिळतं. सी भाषेच्या १९८९ च्या मानकात फक्त निर्देशातला मजकूर दाखवा एवढंच होतं, सी९९ ने, म्हणजे १९९९ च्या मानकाने, स्पष्ट केलं की हा निर्देश इफच्या (#if) अटीने वगळलेल्या भागात नसेल तर फाइल यशस्वीपणे कंपाइल होता कामा नये. कुठे थांबायचं ते नाही सांगितलं, त्यामुळे मायक्रोसॉफ्टचा कंपायलर सी११८९ क्रमांकाचा एरर देऊन तिथेच थांबतो, जीसीसी आणि क्लँग हे कंपायलर पुढे वाचत राहतात आणि शेवटी फेल करतात. एका फेरीत सगळे एरर दिसतात म्हणून बरेच जण जीसीसीची बाजू घेतात, मला अजिबात पटत नाही. मज्जावानंतरचे 'हे डिक्लेअर नाही, ते माहीत नाही' हे बहुतेक त्याच एका कारणाचे परिणाम असतात आणि त्या ढिगात खरा मेसेज स्क्रीनच्या वर निघून जातो. थांबायलाच हवं. नुसतं सांगून पुढे जायचं असेल तर सी२३ या नंतरच्या मानकात हॅश वॉर्निंग (फक्त इशारा देणारा निर्देश) अधिकृत झालंय, ते वापरा.