मीटिंगमध्ये रडू आलं, आता पुढे काय?

प्रश्न : वार्षिक आढाव्याच्या वेळी मॅनेजर म्हणाले, मी पुढाकार घेत नाही. मला उत्तर द्यायचं होतं, पण घसा दाटून आला आणि डोळ्यांत टचकन पाणी आलं. चार वेळा ‘सॉरी’ म्हणून मी उठले. आठ दिवस झाले, त्यांच्यासमोर जायला नको वाटतं. नवरा म्हणतो, इथे परदेशात हे चालत नाही, लोक कच्चं समजतात. माझं खरंच नुकसान झालंय का?

उत्तर : त्या रडण्याने तुमचं फार नुकसान झालं असेल असं मला वाटत नाही. मला काळजी आहे ती त्या चार ‘सॉरीं’ची आणि नंतरच्या आठ दिवसांच्या गप्प राहण्याची. तुम्ही कारण सांगितलं नाहीत की समोरचा स्वतःच एक कारण ठरवून मोकळा होतो.

संशोधक एलिझाबेथ बेली वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये नेमका हाच अभ्यास प्रसिद्ध केला. कामावर भावना अनावर झाल्यावर ‘मी जरा भावनाप्रधान आहे’ म्हणणाऱ्यांपेक्षा ‘मला या कामाची तळमळ आहे’ म्हणणारे लोकांना जास्त सक्षम वाटले. प्रसंग तोच, फक्त कारण वेगळं सांगितलेलं. मात्र हे खरं असेल तरच बोला. घरी कुणी आजारी असेल, किंवा व्हिसा या नोकरीला बांधलेला असल्याने एका शेऱ्यानेही पोटात गोळा येत असेल, तर तळमळीचं नाव पुढे करू नका. ‘सध्या घरी ताण आहे’ एवढं पुरे. व्हिसाचं मॅनेजरना सांगायलाच हवं असं नाही, पण नवऱ्याशी मात्र ते मोकळेपणाने बोला.

आता रडण्याबद्दल. अश्रुग्रंथींवर आपली हुकमत चालत नाही, त्या स्वायत्त मज्जासंस्थेच्या ताब्यात असतात. म्हणून ‘जरा आवर की’ हा सल्ला कुणालाच लागू पडत नाही. उलट चेहरा कोरा ठेवायच्या धडपडीत समोरचा काय बोलतोय ते नीट लक्षात राहत नाही, हे मानसशास्त्रज्ञ जेम्स ग्रॉस यांच्या प्रयोगांत दिसलं आहे. त्या बैठकीतलं पुढचं किती आठवतंय तुम्हाला? बरंचसं निसटलं असेल, तर तोच पुन्हा भेट मागायचा सरळ मुद्दा आहे.

उद्याच लिहा : ‘त्या दिवशी माझे डोळे भरून आले, कारण हे काम माझ्या मनाच्या जवळचं आहे. तुमचे मुद्दे मला नीट समजून घ्यायचे आहेत. या आठवड्यात वीस मिनिटं मिळतील का? पुढाकार कुठे कमी पडला, याची दोन उदाहरणं सांगाल का?’ यात ‘सॉरी’ एकदाही नको. उदाहरणं मात्र नक्की मागा. ‘पुढाकार’ हा शब्द इतका मोघम आहे की त्यावर रडू येणंही साहजिक आणि चिडणंही.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. मराठीत तुम्ही ‘अहो, थांबा जरा, तसं नाहीये ते’ असं चटकन म्हणाला असतात. इंग्रजी कितीही सफाईदार असली, तरी दुखावल्याच्या क्षणी तिच्यात शब्द शोधावे लागतात, आणि शब्द सापडेपर्यंत डोळे भरतात. परदेशात काम करणाऱ्या आपल्यातल्या कित्येकांचं असं होतं, पुरुषांचंही. ते सांगत नाहीत, इतकंच.

तुमच्या नवऱ्याला माझा निरोप द्या : ती घरी येऊन हे सांगते तेव्हा तिला निकाल नको असतो. ‘नेमकं काय म्हणाले ते?’ एवढं विचारा आणि ऐकून घ्या.

रोज सकाळी कामाला निघतानाच रडू येत असेल, दोन आठवडे झोप-भूक बिघडली असेल, तर डॉक्टरांना भेटा. बऱ्याच मोठ्या कंपन्यांत एम्प्लॉयी असिस्टन्स प्रोग्रॅम असतो, त्यात मोफत आणि गोपनीय समुपदेशन मिळतं. आणि मॅनेजर चारचौघांत अपमान करत असतील, तर प्रश्न तुमच्या अश्रूंचा उरत नाही. तारीख, वेळ, शब्द आणि तेव्हा हजर असलेल्यांची नावं लिहून ठेवायला लागा.

पुढच्या वेळेसाठी एक वाक्य आत्ताच तयार ठेवा : ‘मला एक मिनिट द्या, मला याचं उत्तर द्यायचं आहे.’ मग पाण्याचे दोन घोट घ्या, श्वास सावकाश सोडा. डोळे ओले असले तरी बोलायला लागा. हे वाक्य इंग्रजीतून तोंडात बसायला हवं, म्हणून आज रात्री नवऱ्याला समोर मॅनेजर म्हणून बसवा आणि पाच-दहा वेळा मोठ्याने म्हणून बघा.