इंग्लंडच्या नॉरफोकमधल्या टिटव्या: आधी एवढंच बघ

पहिल्याच दिवशी सगळे प्लोव्हर (टिटवीच्या कुळातले पक्षी) ओळखायचा हट्ट सोड. आधी लॅपविंग, म्हणजे इथली टिटवी, पक्की कर: डोक्यावर लांब तुरा, आवाज 'पी-विट'. आपली टिटवी डोळ्यांसमोर ठेवलीस तर फसशील. इथलीच्या डोळ्यापुढे ती लाल कातडी नसते.

- स्नेटिशमच्या किनाऱ्यावर भरतीच्या वेळी जा. ओहोटीला पक्षी चिखलात पार लांब, नुसते ठिपके.
- हिवाळ्यात ग्रे आणि गोल्डन प्लोव्हर ढगाळ उजेडात सारखेच मळकट. रंगावर जाऊ नकोस, उडेपर्यंत थांब. काखेत काळा डाग दिसला की ग्रे. मी वर्षभर इथेच चुकत होतो!
- रिंग्ड प्लोव्हर पंख मोडल्यासारखा फरफटू लागला, तर घरटं किंवा पिल्लं जवळच आहेत. आल्या पावली मागे फिर.

टेलिस्कोप आत्ताच घेऊ नकोस. लिटल रिंग्डचंही नंतर बघू.