ओल्ड फॅशन्ड हे व्हिस्की कॉकटेल घरी करताना साखरेऐवजी गूळ चालेल का?

चालेल काय, धावेल! बर्बन या अमेरिकन व्हिस्कीच्या व्हॅनिला-ओकच्या चवीला गुळाचा खमंगपणा छान साथ देतो. चिरलेला गूळ आणि गरम पाणी समप्रमाणात घेऊन विरघळवा, गाळा (गुळात कचरा असतोच) आणि पूर्ण गार करा.

ग्लासात ६० मिली बर्बन, एक छोटा चमचा हा पाक आणि अँगोस्टुरा बिटर्सचे (कडसर, सुगंधी अर्काचे) २-३ शिंतोडे घाला. बिटर्स वगळू नका. १८०६ साली अमेरिकेत छापलेल्या कॉकटेलच्या व्याख्येतही मद्य, साखर, पाणी आणि बिटर्स हेच घटक आहेत. वाटीत गोठवलेला मोठा बर्फ टाकून अर्धा मिनिट ढवळा. शेक मात्र नको. शेवटी संत्र्याची साल ग्लासावर दाबून पिळा, तेलाचा बारीक फवारा वर तरंगताना दिसेल.