गालाच्या पेशींतलं डीएनए डॅमेज बघायचंय? मग हे वाच

अगं, तोंडातल्या चट्ट्यांच्या पेशंटमधलं डीएनए डॅमेज हा थेसिसचा टॉपिक मस्त घेतलायस, पण लगेच कॉमेट टेस्टच्या (तुटलेलं डीएनए विजेच्या प्रवाहात पेशीतून शेपटासारखं बाहेर ओढलं जातं, ती चाचणी) मागे लागू नकोस. त्याला जिवंत पेशी लागतात आणि गालातून खरवडलेल्या बऱ्याचशा मेलेल्याच असतात. करायचाच असेल तर रक्तातल्या लिम्फोसाइट्सवर (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) कर, सगळं बर्फावर अन् अंधुक उजेडात, नाहीतर शेपूट पेशंटच्या डॅमेजची की तुझ्या हाताळणीची ते कळणारच नाही.

सुरुवात मायक्रोन्यूक्लियसपासून कर, म्हणजे डीएनए डॅमेजमुळे पेशीत मुख्य न्यूक्लियसच्या बाहेर राहिलेला छोटा न्यूक्लियस मोजायचा. आधी पेशंटला दोन-तीनदा खळखळून चूळ भरायला लाव, खर्रा खाऊन आलेला असला की स्लाइडभर सुपारीचा चुरा दिसतो. सबम्युकस फायब्रोसिसवाल्यांचं (सुपारीमुळे तोंडातली त्वचा आतून ताठ होते तो आजार) तोंड दोन बोटंही उघडत नाही कधीकधी, तिथे लाकडी स्पॅच्युला घेऊन झटापट कशाला, सरळ सायटोब्रश (पेशी घ्यायचा छोटा ब्रश) घे.

स्टेन मात्र फ्युलजेनच, तो फक्त डीएनए रंगवतो. गिम्सा या नेहमीच्या स्टेनमध्ये बॅक्टेरिया आणि केराटोहायलिनचे (पेशीतल्या प्रथिनाचे) दाणेही मायक्रोन्यूक्लियससारखे दिसतात, आकडा उगाच फुगतो (गाइड खूश होतात ते वेगळं!). मोजताना मायक्रोन्यूक्लियसचा व्यास मुख्य न्यूक्लियसच्या व्यासाच्या एक तृतीयांश ते एक सोळांश, गोल, त्याच रंगाचा, त्याच फोकसमध्ये आणि सुटा हवा. पेशंटमागे निदान १०००, जमलं तर २००० पेशी मोज आणि स्लाइडवर नुसता कोड टाक, कुणाची आहे ते मोजणाऱ्याला कळता कामा नये.

कंट्रोलमध्ये तंबाखू खाणारे पण तोंडात चट्टा नसलेले लोक हवेतच, नुसते निर्व्यसनी घेतलेस तर फरक ल्युकोप्लाकियाचा (तोंडातल्या पांढऱ्या चट्ट्याचा) की तंबाखूचा हे कसं सांगणार? आणि हो, पेशंटने मायक्रोन्यूक्लियसचा आकडा विचारला तर त्यावरून कॅन्सरचं काही बोलू नकोस, निदान बायोप्सीवरच होतं.