वेलदोड्याचा वास जातो कुठे?

प्रश्न : ताई, वेळ वाचावा म्हणून मी वेलची पूड तयार पाकिटातली वापरते. पूर्वी अर्धा चमचा पुरायचा. आता दोन चमचे घातले तरी दुधाला वास लागत नाही, उलट घशाशी तुरट चव राहते. पूड घरी करावी का? करायची तर सालासकट की नुसत्या दाण्यांची? आणि तिच्यात साखर कशासाठी घालतात?

उत्तर : तुमच्या हाताचं काही चुकलेलं नाही, त्या पुडीचा वासच उडून गेलेला आहे.

एक वेलदोडा घ्या आणि टोकाशी नखानं दाबून उघडा. आत तीन कप्पे दिसतील, मध्ये पातळ पांढुरका पापुद्रा, आणि प्रत्येक कप्प्यात काळपट दाणे एकमेकांना चिकटून बसलेले. बोटाला थोडे चिकट लागले तर वेलदोडा चांगला समजा. कोरडे, फिकट आणि सुटे झाले असतील तर तो जुना. एक दाणा दाताखाली धरा. आधी गारवा येतो, मग फुलासारखा गोड वास, आणि मागून आल्यासारखी ऊब. वेलदोडा आल्याच्याच कुळातला, ते इथे जिभेला कळतं. तो गारवा सिनिओल नावाच्या द्रव्याचा, जे निलगिरीच्या तेलात असतं तेच. गोडवा मुख्यतः टर्पिनिल अ‍ॅसिटेटचा. दोन्ही द्रव्यं हवेत उडून जाणारी, आणि दोन्ही दाण्यातल्या तेलात. सालात जवळजवळ काही नाही. दाण्याचं तेल जपून ठेवणं, एवढंच सालाचं काम.

दाणा दळला की त्याच्या कणाकणाला हवा लागते आणि तेल उडायला लागतं. पूड सालासकट दळलेली असेल तर वास गेल्यावर मागे उरतो तो बहुतेक सालाचा भुसा. वास येईना म्हणून तुम्ही चमचा वाढवलात, तेव्हा दुधात भुसाच वाढला. ती तुरट चव त्याचीच.

मीही एकदा बरणीभर पूड करून ठेवली होती. दोन महिन्यांनी शंका आली म्हणून दोन पेल्यांत गरम दूध ओतलं. एकात बरणीतली पूड घातली, दुसऱ्यात तेवढीच, पण त्याच वेळी कुटलेली. ताज्या पुडीच्या पेल्याचा वास स्वयंपाकघरभर पसरला. बरणीच्या दुधाला कपाटात बंद पडलेल्या कागदासारखा वास होता. वेलदोडा केशर आणि व्हॅनिलाखालोखाल महाग मसाला. इतका माल असा वाया घालवल्याचं मला फार वाईट वाटलं. तेव्हापासून मी आठवड्यापुरतीच पूड करते, आणि तुम्हीही तेच करावं असं मला मनापासून वाटतं.

साल काढूनच करा. दाणे चिकट असल्यामुळे नुसते कुटले तर बत्त्याला चिकटून त्यांचा लगदा होतो. दहा-बारा वेलदोड्यांच्या दाण्यांबरोबर दोन छोटे चमचे साखर घाला. साखरेचे खडबडीत कण दाण्यांना घासतात आणि सुटलेलं तेल धरूनही ठेवतात. पदार्थातली साखर तेवढी कमी करायला विसरू नका. पूड तिखटामिठाच्या पदार्थात जाणार असेल तर साखरेऐवजी चिमूटभर खडे मीठ घ्या. मिक्सर वापरणार असाल तर थांबत थांबत फिरवा, कारण भांडं तापलं की वास तिथेच उडतो. साखर न घालता केलेली पूड मोजायची तर मध्यम दहा वेलदोड्यांची साधारण छोटा चमचाभर होते.

आणि पूड घालायची ती गॅस बंद केल्यावर. घालून झाकण ठेवा, पाच मिनिटं उघडू नका. उकळत्या दुधात सुरुवातीलाच टाकली तर वास वाफेबरोबर निघून जातो. लवकर घालायचा असेल तर वेलदोडा अख्खा, जरासा ठेचून घाला.

सालं टाकू नका, चहाच्या पत्तीत घालून ठेवा. दाण्यांना लागून लागून त्यांनाही थोडा वास आलेला असतो.

प्रश्न : हिरव्या वेलचीची पूड नसेल तर मोठ्या काळ्या वेलचीची चालेल का?

उत्तर : गोडात अजिबात नाही. ती वेगळ्या झाडाची, आणि बहुधा आगीच्या धुरावर वाळवलेली. तो धूर दुधात उतरतो.

प्रश्न : पांढरी वेलची जास्त चांगली का?

उत्तर : बहुतेक वेळा ती हिरवीच असते, रंग काढून पांढरी केलेली, आणि त्यात वासही थोडा जातो. मी हिरवीच घेते, न फुटलेली, हातात भरीव लागणारी. कानाशी धरून हलवून बघा. आत दाणे खुळखुळले तर ती घेऊ नका.