काकूंना विचारा : बेटावर जायचंय, पण निवांत

या वेळी पत्रांच्या गठ्ठ्यात समुद्रच समुद्र. कोणाला अंदमान हवं, कोणाला विमान नको, कोणाला चार दिवसांत अख्खं सौराष्ट्र. सगळी पत्रं छापणं शक्य नाही. ज्यांच्या उत्तरात इतरांचंही भागेल, तेवढी घेतली आहेत.

काकू, आम्ही नवरा-बायको दोघे प्राथमिक शिक्षक. घरी आई-वडील, दोन मुलं. सगळ्यांनी मिळून एकदा बेटावर राहायचं ठरलंय. अंदमानचा खर्च झेपत नाही आणि वडील विमानात बसायला तयार नाहीत. रेल्वेने गाठता येईल असं बेट आहे का?
— एक शिक्षक, अमळनेर

सर, आहे, आणि तुमच्याच स्टेशनातून त्याची वाट सुरू होते. दीव. ‘गोवा, दमण, दीव’ आपण शाळेत एका दमात पाठ केलेलं असतं. पुढे आपल्याकडचा माणूस गोव्याला जातो, फार तर दमणला, आणि दीव पाठांतरातच राहतं. सौराष्ट्राच्या दक्षिण किनाऱ्याला चिकटलेलं हे लहानसं बेट. मधे खाडी, खाडीवर पूल. वडिलांना विमान नको आणि बोटही नको, गाडीत बसल्या बसल्या बेटावर पोचतील.

ताप्ती लाइनने नंदुरबार, नवापूर करत सुरत गाठा. काही गाड्या सुरतेऐवजी उधन्यालाच संपतात, तिकीट काढताना तेवढं बघा. सुरतेहून पुढे दोन वाटा. वेरावळपर्यंत रेल्वे आणि तिथून ऊनामार्गे बस किंवा टॅक्सी, साधारण नव्वद किलोमीटर. नाहीतर रात्री निघणारी खासगी स्लीपर बस. माझं आयुष्य रेल्वेच्या तिकीट खिडकीमागे गेलं, तेव्हा मी रेल्वेचीच बाजू घेणार हे उघड आहे; पण रात्रीच्या बसमध्ये संडास नसतो, आणि सत्तरीच्या माणसासाठी प्रवासातला मुख्य प्रश्न तोच असतो. शिवाय वेरावळला उतरलात की सोमनाथ हाकेच्या अंतरावर. एक रात्र तिथे काढा, आईंना आरती मिळू द्या, दुसऱ्या दिवशी जेवण करून दीवला निघा.

स्वतःची गाडी असणाऱ्यांनी कोंडाईबारी उतरून सुरत आणि पुढे हजिरा गाठावं. आपली तापी तिथेच समुद्राला मिळते. हजिऱ्याहून घोघ्याला जाणारी मोठी फेरी बोट मोटारीसकट माणसं नेते, खंभातच्या आखाताला वळसा घालावा लागत नाही. वेळापत्रक आधी तपासा. आणि घोघा म्हणजे दीवशेजारचं घोघला नव्हे. घोघा भावनगरजवळ आहे, तिथून दीवला रस्त्याने आणखी चारेक तास. बोटीतून उतरल्यावर मुलांना ‘आलं, आलं’ म्हणू नका, पुढचे चार तास तेच ऐकावं लागेल.

मुक्काम एकाच जागी ठेवा. पूर्वेच्या किल्ल्यापासून पश्चिमेच्या वणाकबारापर्यंत बेट पंधरा किलोमीटरच्या आतबाहेर, रिक्षाने कुठूनही कुठेही जाता येतं. म्हातारी माणसं आणि मुलं बरोबर असतील तर मी घोघल्याची बाजू सुचवेन. ते पुलाच्या अलीकडे, मुख्य भूमीवर आहे, पण प्रशासन दीवचंच. किनारा लांब आणि सपाट आहे, स्वच्छतेसाठीचं ‘ब्लू फ्लॅग’ मानांकन 2020 साली देशात पहिल्यांदा आठ किनाऱ्यांना मिळालं, त्यात घोघला होतं. नागोआ जास्त देखणा, अर्धचंद्रासारखा, काठाला होकाची झाडं. ताडाच्या जातीचं झाड, पण याच्या खोडाला फांद्या फुटतात! मुलांना दाखवाच. मात्र शनिवार-रविवारी तिथे गाण्यांचा आणि वॉटर स्कूटरचा दंगा असतो.

किल्ला सकाळी बघा, उन्हं चढायच्या आत. तीन बाजूंना समुद्र, खडक फोडून केलेला खंदक, तोफा, दीपस्तंभ. तुम्ही शिक्षक आहात म्हणून सांगते, या किल्ल्याला खानदेशाचा एक धागा आहे. गुजरातचा सुलतान बहादूरशहा मोगलांच्या धाकाने पोर्तुगीजांकडे वळला आणि 1535 मध्ये त्यांना इथे किल्ला बांधू दिला. दोन वर्षांत त्यांचंच वाजलं. 1537 मध्ये दीवच्या समुद्रात झटापट झाली, बहादूरशहा मेला. त्याला मुलगा नव्हता. गादी कोणाला द्यायची म्हटल्यावर नाव निघालं त्याच्या भाच्याचं, खानदेशचा फारुकी सुलतान मीरान मुहंमद याचं. तो गुजरातच्या वाटेला लागला आणि वाटेतच वारला. थाळनेरला फारुकींच्या कबरी बघितलेल्या मुलांना दीवच्या तटावर उभं करून ही गोष्ट सांगा, इतिहासाचा एक तास वाचेल.

बाकी फुदमचा गंगेश्वर (पाच पिंडी, भरतीचं पाणी त्यांच्यावरून जातं), 1610 च्या सुमाराचं सेंट पॉल चर्च आणि चक्रतीर्थाजवळचं ‘खुकरी’चं स्मारक. 9 डिसेंबर 1971 च्या रात्री पाकिस्तानी पाणबुडीने ही युद्धनौका दीवपासून काही अंतरावर बुडवली. 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून गेले नाहीत. तिथे मुलांना सेल्फी काढू देऊ नका, एवढं माझ्यासाठी करा.

चार दिवसांत सोमनाथ, गीर, दीव, पोरबंदर आणि द्वारका असा कार्यक्रम केला आहे. योग्य आहे का? जुलैमध्ये निघतोय.
— एक व्यापारी, धुळे

भाऊ, इतली घाई कसाले? सोमनाथहून द्वारका सव्वादोनशे किलोमीटरच्या पुढे आहे. तुम्ही चार दिवस गाडीच्या काचेतून गुजरात बघाल आणि परत आल्यावर म्हणाल, दीवमध्ये काही नाही. त्यात जुलै. गीरची सफारी 16 जून ते 15 ऑक्टोबर बंद असते, मासेमारी बंद, समुद्रात उतरायला मनाई. द्वारका-पोरबंदर वेगळं करा. सोमनाथ आणि दीव एवढंच ठेवा आणि डिसेंबरात जा. नाताळ-एकतीस डिसेंबर टाळा. दिवाळीनंतर लाभपंचमीपर्यंतही नको, गुजरातची दुकानं तेव्हा बंद असतात आणि दुकानदार दीवमध्ये असतात.

सासूबाई माळकरी, आमचे हे माशांसाठी जीव टाकणारे, आणि मुलांना दोन्ही नको. दशम्या, बिबडे, चिवडा, पुऱ्या असं सगळं आठवड्याचं करून न्यावं म्हणते. किती करू?
— एक गृहिणी, रावेर

दशम्या करा, जातानाच्या प्रवासापुरत्या. दुधात भिजवलेली दशमी दोन दिवस मऊ राहते, सोबत शेंगदाण्याची चटणी आणि लोणचं. परतीला लागेल म्हणून थोडा चिवडा. बिबडे घरी राहू द्या. बेटावर जाऊन खोलीत वर्तमानपत्र अंथरून पुऱ्या खायच्या असतील तर रावेरच्या गच्चीवर जास्त वारा येतो. आणि ते सगळं तळायला तुम्हीच बसणार, निघायच्या आदल्या रात्री बारापर्यंत. सुट्टी तुमचीही आहे ना?

सासूबाईंची काळजी सगळ्यात कमी करा. सोमनाथ-ऊनाचा मुलूख शाकाहाऱ्यांचा आहे, आणि काठियावाडी थाळी आपल्या माणसाला परकी वाटत नाही. बाजरीचा जाड रोटला, वर तूप, बाजूला गूळ, लसणाची लाल चटणी, ताक, कढी-खिचडी. वांग्याचा ओळो म्हणजे त्यांचं भरीत. आता तुम्ही रावेरच्या, भरिताच्या बाबतीत तुमचं समाधान होणं कठीणच. कापसाच्या काड्यांवर भाजलेलं वांगं, बडगीत ठेचलेलं, हिरवी मिरची, कांद्याची पात, शेंगदाणे, ते तिथे नाही. ते कांदा, टोमॅटो, लसूण तेलात परतून त्यात भाजलेलं वांगं घालतात. वेगळा पदार्थ म्हणून खा, चांगला आहे. माझ्या मिस्टरांनी जळगावच्या भरिताशी ताडून बघत खाल्लं आणि अर्ध्या जेवणात भांडण झालं.

‘सेव-टमेटा’ मात्र शेवभाजी समजून मागवू नका. रस्सा पातळ असतो आणि गोडसर. ‘तीखुं करजो, खांड ना नाखता’ एवढं गुजराती पाठ करा: तिखट करा, साखर घालू नका. तरी आपल्या काळ्या मसाल्याची तर्री येणार नाही, पण मुलं ते गोडसर आनंदाने खातात, म्हणजे तुमचा तिसरा प्रश्नही सुटला. सकाळी गाठिये, सोबत पपईचा संभारा आणि तळलेली मिरची. तिथे वडापाव शोधत फिरू नका.

आता तुमचे ‘हे’. पापलेट, सुरमई, कोळंबी दीव गावात आणि घोघल्यात मिळतात. मोठ्या हॉटेलात मासा खाऊ नका, तिथे सगळ्याला एकच लाल ग्रेव्ही. ज्या साध्या खाणावळीत तिथली माणसं दुपारी जेवायला बसलेली दिसतील तिथे जा. मासा आधी बघायला मागा, डोळे स्वच्छ आणि कल्ले लाल हवेत. वजन आणि भाव तळायच्या आधी ठरवा, नंतर बोलून उपयोग नाही. ओला बोंबील जरूर खा, तिकडे त्याला बूमला म्हणतात. आपल्याला बोंबील माहीत आहे तो आठवडी बाजारातला, काडीसारखा वाळलेला, ठेच्यात कुटायचा. तोच ओला असताना हातात धरवत नाही इतका लिबलिबीत असतो. जाफराबाद, नवाबंदरच्या बाजूला तो वाळायला टांगलेला दिसेल. गाडीच्या काचा खाली असतील तर त्याआधी वासानेच कळेल. कडक तळून मागवा. होड्या बघायच्या असतील तर ह्यांना पहाटे वणाकबाराला पाठवा, तुम्ही झोपा.

सासूबाईंना एकाच टेबलावर मासा चालत नसेल तर दुपारी दोन गट करा. त्यात अपमान कोणाचाच नाही. तुम्ही कोणत्या गटात, ते तुमचं तुम्ही ठरवा.

मी तापीत लहानपणापासून पोहतो, पुरातही उडी मारलेली आहे. समुद्रात पोहायला काही वेगळी तयारी लागते का?
— एक तरुण, शिरपूर

पुरात उडी मारलेली आहे हे आईला माहीत आहे का? असो. नदीची ओढ एकाच दिशेने असते, तू तिरकं पोहून काठ गाठतोस. समुद्र आत-बाहेर करतो. भरती सहा तासांच्या वर चढते, तितकीच उतरते, आणि दुसऱ्या दिवशी पन्नासेक मिनिटं उशिरा येते. त्यामुळे ‘काल या वेळी पाणी छान होतं’ हा हिशेब चालत नाही. अमावास्या-पौर्णिमेला जोर जास्त. रोजच्या वेळा हॉटेलात विचार, गंगेश्वराला जायलाही त्या लागतातच.

ओहोटी लागल्यावर खोल जायचं नाही. पाण्याने आत ओढलंच तर काठाकडे तोंड करून झगडू नकोस, दमशील. काठाला समांतर पोहत बाजूला सरक, ओढ संपली की मग बाहेर ये. नागोआ किंवा घोघल्यालाच उतर, जिथे जीवरक्षक आहेत. जालंधरचा किनारा खडकाळ आहे, तिथे बसून बघायचं. आणि मित्र पिऊन आलेले असतील तर पाण्यात त्यांच्याबरोबर जाऊ नकोस.

दीवहून येताना दोन बाटल्या आणल्या तर चालतं का? (नाव छापू नये.)

नाव छापलं नाही. चालत नाही. दीवमध्ये दारू मिळते, गुजरातमध्ये दारूबंदी आहे, आणि दीवची हद्द ओलांडली की गुजरात. तपासणी होते. बायकोमुलांसमोर डिकी उघडून उभं राहायची हौस असेल तर आणा.

लग्न ठरलंय, डिसेंबरात अंदमानला जायचं पक्कं आहे. दीव सांगू नका. फक्त काय करू नये ते सांगा.
— एक वाचक, भुसावळ

पोरी, अभिनंदन. नाही सांगत दीव.

उशिरा उठू नका. तिथे घड्याळ आपलंच, सूर्य मात्र डिसेंबरात साडेपाचच्या सुमाराला उगवतो आणि संध्याकाळी पाच-साडेपाचला अंधार. दुपारी दोनला किनाऱ्यावर पोचणाऱ्याचा दिवस संपलेला असतो. रोज बेट बदलू नका, बोटीच्या वेळांत आणि बॅगा उचलण्यात निम्मा वेळ जातो. हॅवलॉक आणि नील यांची नावं 2018 मध्ये स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप झाली, पोर्ट ब्लेअरचं 2024 मध्ये श्री विजयपुरम. तिकिटावर जुनं किंवा नवं काहीही दिसेल, गोंधळू नका. सगळे स्वराजला जास्त दिवस देतात, राधानगर किनाऱ्यासाठी. मी शहीदला देईन. लहान, सपाट, भाजीपाल्याची शेतं, सायकलने फिरता येतं, आणि बंगाली घरांतला मासे-भात.

सेल्युलर जेल शेवटच्या दिवसावर ढकलू नका. सात इमारतींपैकी तीनच उरल्यात, तरी दोन-तीन तास लागतात, आणि विमानाची वेळ डोक्यात असताना ते बघता येत नाही. किनाऱ्यावरचं पोवळं, मेलेलं असलं तरी, पिशवीत टाकू नका. कायद्याने बंदी आहे आणि विमानतळावर सामान उघडतात. जारवा आदिवासींच्या भागातून बारातांगला जाणाऱ्या रस्त्यावर फोटो काढणं गुन्हा आहे. म्हणून बारातांगची सहल मी तरी घेणार नाही.

आणि लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी निघू नका, चार दिवस घरी झोपा काढा.