मुलं लिहून देता येत नाहीत

वाचकाचं पत्र:

"वकीलताई, मी ठाण्यात किसननगरला राहते. वय 46. मिस्टर वारले, मुलगा बारावीला आहे. घरी ब्लाउज शिवते. शेजारच्या खोलीतली बाई वागळे इस्टेटला कंपनीत पॅकिंगला होती. सात महिन्यांपूर्वी कॅन्सरने गेली. तिचा नवरा तीन वर्षांपूर्वी घरातून गेला तो आलाच नाही. जाताना तिने दोन्ही मुलं माझ्या हवाली केली, मुलगा 11 वर्षांचा आणि मुलगी 6. तेव्हापासून ती माझ्याकडेच आहेत. चाळीतले सगळे हातभार लावतात. कुणी तांदूळ देतं, कुणी वह्या, दवाखान्याचं मागचं बिल मंडळाने भरलं. आता मुलांचा काका गावाहून आलाय. म्हणतो, खोलीचे कागद माझ्याकडे द्या, मी पाचशेच्या स्टॅम्पवर मुलं तुम्हाला लिहून देतो. खोली मुलांच्या आईच्या नावावर आहे आणि इथे क्लस्टर (जुन्या चाळी पाडून नवी घरं बांधायची योजना) येतंय. मुलीला पहिलीत घालायला गेले तर शाळेने कोर्टाचा पालकत्वाचा कागद मागितला. अंगणवाडीच्या सेविका म्हणतात बाल कल्याण समितीकडे जा. चाळीतले म्हणतात तिथे गेलात की मुलांना आश्रमात टाकतील. स्टॅम्पवर सही करू का?"

उत्तर:

ताई, सही करू नका. हे वाचेपर्यंत केली असेल तर तो कागद फाडू नका, जपून ठेवा. आणि खोलीचे कागद अजून तुमच्याकडे असतील तर ते कुणालाही देऊ नका. बाकीचं सविस्तर सांगते.

मुलं हिंदू कुटुंबातली आहेत असं धरते. हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम, 1956 प्रमाणे मूल दत्तक देण्याचा अधिकार आईचा आणि वडिलांचा. ते दोघे नसतील किंवा त्यांनी मूल टाकलं असेल तर कोर्टाच्या परवानगीने पालकाचा. चुलत्याला तो अधिकार नाही. जे त्याचं नाही ते तो लिहून देणार कसं? शिवाय तुम्हाला स्वतःचा मुलगा आहे, त्यामुळे या कायद्याखाली तुम्हाला दुसरा मुलगा दत्तक घेताच येत नाही. स्टॅम्प पाचशेचा असो की पाच हजारांचा, नोटरीचा शिक्का कितीही गोल उठला तरी त्या कागदाने काही घडत नाही.

घडलं तर वाईटच घडेल. बाल न्याय अधिनियम, 2015 मध्ये पद्धत डावलून मूल दत्तक देण्या-घेण्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख दंड किंवा दोन्ही आहे. मुलाच्या खरेदी-विक्रीला पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख दंड. तुम्ही मायेपोटी सही कराल, हे मला पत्रातून दिसतं. पण उद्या तो कागद पोलिसांपुढे गेला तर त्यांना दिसेल ते एवढंच, की एकाने मुलं दिली आणि दुसरीने बदल्यात खोलीचे कागद दिले.

आता खोली. हिंदू बाई मृत्युपत्र न करता गेली तर तिचे पहिले वारस तिची मुलं आणि नवरा. ही माणसं असताना दिराला काही मिळत नाही. नवरा बेपत्ता आहे म्हणून त्याचा हिस्सा भावाकडे सरकत नाही. सात वर्षं ज्याची काही खबर नाही त्याचा मृत्यू कायदा गृहीत धरू शकतो, इथे तर तीनच झालीत. आज त्या खोलीत काकांचा एका विटेचाही हक्क नाही.

पण ताई, तुमचाही नाही. हे स्पष्ट सांगते, कारण चांगली माणसं इथेच अडकतात. कोर्टाने नेमल्याशिवाय, केवळ सांभाळते म्हणून, कुणालाही अज्ञान (अठरा वर्षांखालच्या) मुलाच्या मालमत्तेचा व्यवहार करता येत नाही. खोली भाड्याने देऊन मुलांचा खर्च भागवा असं कुणी सुचवेल, क्लस्टरच्या कागदावर "मुलांतर्फे" सही करा असं सांगेल. दोन्ही करू नका. खोलीला कुलूप लावा. आत काय काय आहे त्याची यादी करा, चाळीतल्या दोघांच्या सह्या घ्या. लाइट बिल, घरपट्टीच्या पावत्या, आईचं आधार कार्ड आणि मृत्यूचा दाखला यांच्या तीन-तीन झेरॉक्स काढा. मग ठाणे महापालिकेच्या क्लस्टरच्या कामकाजाच्या कक्षात एक साधा अर्ज द्या: या खोलीच्या मालकीणबाई वारल्या, त्यांची दोन अज्ञान मुलं हयात आहेत, कोर्टाचा आदेश झाल्याशिवाय कुणाच्याही अर्जावर नावात बदल करू नये. किसननगरचं क्लस्टर सिडकोमार्फत होतंय, म्हणून एक प्रत सिडकोलाही द्या. तुमच्या प्रतीवर आवक शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

यापेक्षा मोठा प्रश्न मुलांचा. चाळीतल्यांची भीती खोटी नाही. समितीच्या नावाने माणसांच्या पोटात गोळा येतो, कारण कुणाच्या तरी मुलाला गाडीत बसवून नेताना त्यांनी पाहिलेलं असतं. पण बहुतेक वेळा ते मूल समितीपुढे कुणाच्या तरी तक्रारीवरून, पोलिसांमार्फत गेलेलं असतं. तुम्ही स्वतःहून, अर्ज आणि पुरावे घेऊन जाणं ही वेगळी गोष्ट आहे.

बाल कल्याण समिती म्हणजे निराधार मुलांबद्दल निर्णय घेणारे एक अध्यक्ष आणि चार सदस्य. तिला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात. ज्या कायद्याने ती नेमली जाते, त्याच कायद्यात तत्त्व लिहिलंय की मुलाला संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय, आधी कुटुंब. समिती मुलांना नातेवाइकांकडे सोपवू शकते, प्रतिपालक कुटुंबात (दत्तक न घेता मूल सांभाळणाऱ्या) ठेवू शकते, आणि चौकशी चालू असतानाही "योग्य व्यक्ती" म्हणून मान्य केलेल्या माणसाच्या ताब्यात देऊ शकते. तुम्हाला मागायचंय ते हेच. पहिल्याच अर्जात लिहा: चौकशी पूर्ण होईपर्यंत मला योग्य व्यक्ती म्हणून मान्यता द्यावी, मुलांचा ताबा माझ्याकडे ठेवावा, पुढे प्रतिपालकत्वासाठी माझा विचार व्हावा, आणि दोन्ही भावंडांना एकमेकांपासून वेगळं करू नये. हे शेवटचं वाक्य विसरू नका.

एक गोष्ट तुम्हाला आवडणार नाही, तरी सांगते. आधार नसलेलं मूल ज्याच्या हाती येतं त्याने 24 तासांत समितीला, पोलिसांना किंवा 1098 या मुलांच्या हेल्पलाइनवर कळवावं, असा कायदा आहे. न कळवणं हा गुन्हा आहे. तुमच्याकडे सात महिने झाले. तुम्ही मुलं लपवली नाहीत. आईने जाताना चार माणसांदेखत सोपवली, मुलगा त्याच शाळेत जातोय, अंगणवाडीला ठाऊक आहे. हे सगळं तुमच्या बाजूचं आहे आणि अर्जात जसंच्या तसं यायला हवं. पण आता कळलंय, तर एक दिवसही थांबू नका. काकांच्या हाताला खोली लागली नाही तर ते पहिली तक्रार तुमच्याविरुद्ध करतील. त्याआधी तुमचा अर्ज तिथे असला पाहिजे.

अशीच एक आजी माझ्याकडे आली होती, कळव्याची. बहिणीच्या नातवाला चार वर्षं सांभाळलं, कुठे कागद केला नाही. घरच्या भांडणात कुणीतरी फोन केला आणि मूल बालगृहात गेलं. चौकशी झाली, अहवाल चांगला आला, नातू परत आला. पण मधले पाच आठवडे ते पोर रात्री झोपलं नव्हतं, आणि परत आल्यावरही आजी नळावर गेली तरी मागे जायचं. तिने पहिल्याच महिन्यात अर्ज केला असता तर बहुधा ते पाच आठवडे वाचले असते. तुमच्या मुलांवर ती वेळ येऊ नये म्हणून इतकं तळमळून लिहितेय.

अर्ज दिल्यावर सामाजिक तपासणी होईल. ती 15 दिवसांत व्हावी आणि अंतिम आदेश चार महिन्यांत यावा, असं कायदा म्हणतो. कार्यकर्ती घरी येईल. घर किती मोठं आहे यापेक्षा मुलं कुठे झोपतात, काय खातात, आजारी पडली तर कोण नेतं, हे ती बघेल. तुमच्या मुलाबद्दलही विचारेल. घरात तरुण मुलगा आणि सहा वर्षांची परकी मुलगी आहे, म्हणून विचारेल. ताई, इथे दुखावून घेऊ नका आणि चिडू नका. तो प्रश्न तुमच्या मुलावरचा आरोप नाही, त्या पोरीसाठी कुणीतरी विचारलाच पाहिजे असा प्रश्न आहे. मुलगी तुमच्याजवळ झोपते, तुम्ही मापं घ्यायला बाहेर गेलात तर ती अमुक काकूंकडे असते, असं असेल तसं सांगा. पोलीस पडताळणी मागितली तर हरकत घेऊ नका.

चाळ इथे उपयोगी पडते. मुलाच्या वर्गशिक्षकांचं पत्र, अंगणवाडी सेविकेचं पत्र, आईच्या शेवटच्या दिवसांत दवाखान्यात कोण होतं हे सांगणारी दोन शेजाऱ्यांची निवेदनं, मंडळाने भरलेल्या बिलाची पावती, हे सगळं जोडा. ही मुलं एका बाईच्या नाही तर अख्ख्या चाळीच्या नजरेखाली वाढतायत, हे कागदावर दिसू द्या. मंडळाला मात्र एक निरोप द्या. मदतीसाठी मुलांचे फोटो आणि नावं व्हॉट्सअॅपवर फिरवू नका. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड करण्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड आहे. आणि उद्या त्या मुलाला शाळेत तो फोटो कुणी दाखवला तर त्याला काय वाटेल, याचाही विचार करा. जमलेल्या पैशांची वही ठेवा.

काका आणि वडील या दोघांनाही समिती विचारणार. काकांना खरोखर मुलं हवी असतील तर त्यांनी तिथे येऊन तसं म्हणावं, रक्ताचं नातं म्हणून त्यांचं ऐकलं जाईल. मुलं "लिहून देतो" म्हणणारा माणूस तिथे काय बोलतो ते बघूच. वडील सापडले आणि परत आले तर ते नैसर्गिक पालक आहेत, त्यांचा दावा तुमच्यापेक्षा वरचढ राहील. पण मुलांचं हित कुठे आहे ते पाहिल्याशिवाय कोर्ट त्यांच्याकडेही डोळे मिटून मुलं देणार नाही. आदेश तुमच्याविरुद्ध गेला तर 30 दिवसांत अपील आहे.

शाळेचं सोपं आहे. शिक्षण हक्क कायदा, 2009 प्रमाणे सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत शिकण्याचा हक्क आहे, आणि वयाचा दाखला नाही म्हणूनही प्रवेश नाकारता येत नाही. मग कोर्टाच्या पालकत्वाच्या कागदासाठी सहा वर्षांच्या पोरीला घरी कसं बसवता येईल? समितीला दिलेल्या अर्जाची शिक्का असलेली प्रत जोडून मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या, उत्तरही लेखी मागा. नाहीच ऐकलं तर महापालिकेच्या शिक्षण विभागाकडे तक्रार करा.

पैशांचं. राज्याची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे, तिच्यात एका मुलामागे महिन्याला 2,250 रुपये मिळतात. केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये प्रायोजकत्वाचे, म्हणजे मुलाच्या खर्चाला मदतीचे, महिन्याला 4,000 आहेत, त्याला उत्पन्नाची अट आहे. तुमची मुलं कशात बसतात ते जिल्हा बाल संरक्षण कक्षात विचारून अर्ज भरा. आणि आईच्या कंपनीत जाच. पगारातून पीएफ कापला जात असेल तर शिल्लक रक्कम, विम्याची रक्कम आणि मुलांना वयाच्या 25 वर्षांपर्यंतचं पेन्शन, हे सगळं कुणी मागत नाही म्हणून पडून असतं. पगाराची एखादी चिठ्ठी, यूएएन नंबर (पीएफ खात्याचा), जुना मोबाइल शोधा. तो मोबाइल विकू नका, ओटीपी त्याच नंबरवर येतात.

हा पैसा आणि खोली यांच्यासाठी पुढे पालक व पाल्य अधिनियम, 1890 खाली ठाण्याच्या कोर्टात अर्ज करावा लागेल. वडील हयात असताना दुसरा पालक नेमायचा तर वडील अपात्र आहेत हे कोर्टाला पटवावं लागतं. त्यासाठी ते गेले तेव्हा पोलिसांत दिलेल्या मिसिंगच्या तक्रारीची प्रत हवी. दिलीच नसेल तर आता मुलांतर्फे द्या. हे काम वेळ खाणारं आहे, समितीचा आदेश झाल्यावर करू. फी कशी भरणार म्हणून अडू नका. स्त्रिया आणि मुलांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, ठाणे कोर्टाच्या आवारातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा 15100 वर फोन करा.

सोमवारी समितीकडे जाण्याआधी रविवारी मुलाला जवळ बसवून सगळं सांगा. अकरा वर्षांच्या पोराला खूप कळतं, आणि न सांगितलेलं तो भलतंच धरून बसतो. समिती त्याला तुम्हाला बाहेर बसवूनही विचारेल. काय बोलायचं ते पढवू नका. एवढंच सांगा, की तुला कुठे राहायचंय ते तू तिथे मोकळेपणाने सांगू शकतोस, बहिणीला सोडून जावं लागू नये असं वाटत असेल तर तेही सांग, आणि आईची खोली तुमचीच आहे. धाकटीसाठी डबा आणि पाण्याची बाटली घ्या. तिथे नंबर लागायला वेळ लागतो.